एक दिलं, आठ घेतली: बेसबॉल कार्डांची अदलाबदल बरोबर झाली हे कसं ओळखायचं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला बेसबॉल कार्डांचा नाद लागला आहे. गेल्या शनिवारी इथल्या कार्डांच्या दुकानात 'ट्रेड नाइट' होती. तिथे त्याने हुआन सोटोचं २०१८ चं टॉप्स अपडेट कार्ड एका मोठ्या माणसाला दिलं आणि बदल्यात आठ जुनी कार्डं घेऊन आला. सात १९९० च्या आसपासची, आणि एक केन ग्रिफी ज्युनिअरचं १९८९ चं अपर डेक. तो खुशीत आहे, पण त्याच्या मित्राचे वडील म्हणाले की पोराला गंडवलं. आम्हाला दोघांना क्रिकेट कळतं, यातलं ओ की ठो कळत नाही. अदलाबदल बरोबर झाली की नाही हे ओळखायचं कसं? पुढे त्याच्याबरोबर जाताना आम्ही कशाकडे लक्ष ठेवावं?

उत्तर: ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मग. मित्राच्या वडिलांनी जरा घाई केली. आठ कार्डं आली असं दिसत असलं तरी हा व्यवहार एकास एक झाला आहे: सोटो दिला, ग्रिफी घेतला. बाकीची सात नुसती वजनाला घातलेली आहेत. ही दोन्ही कार्डं सुटी, म्हणजे ग्रेड न केलेली (तपासणी करणाऱ्या कंपनीने गुण देऊन डबीत बंद न केलेली), आणि चांगल्या अवस्थेतली असतील तर त्यांचे भाव साधारण एकाच पट्ट्यात फिरतात. तेव्हा मुलगा गंडला की नाही, हे त्या ग्रिफीच्या चार कोपऱ्यांवर ठरेल.

त्या सात कार्डांचं आधी संपवतो. १९८० पर्यंत बेसबॉल कार्डांच्या धंद्यात टॉप्स ही ब्रुकलिनची कंपनी जवळजवळ एकटी होती. कोर्टाच्या निकालानंतर १९८१ मध्ये फ्लिअर आणि डॉनरस उतरल्या, १९८८ मध्ये स्कोअर आली, १९८९ मध्ये अपर डेक. त्याच सुमारास जुन्या कार्डांना हजारो डॉलर मिळतात हे घरोघरी कळलं आणि मोठी माणसं नवी कार्डं खोक्यांनी विकत घेऊन माळ्यावर ठेवू लागली. मागणी दिसली तशी छपाई वाढत गेली. जुनी कार्डं महाग झाली होती ती मुलांनी खेळून खराब केली म्हणून, आयांनी टाकून दिली म्हणून. १९५२ च्या टॉप्सची न खपलेली खोकी तर कंपनीच्या साय बर्जर यांनी १९६० मध्ये बार्जवर घालून अटलांटिकमध्ये बुडवून टाकली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्या संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. १९९० ची कार्डं मात्र कुणीच टाकली नाहीत. म्हणून ती आजही सगळीकडे आहेत आणि त्या काळाला संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद.

तरी ती सात एकदा चाळून घ्या. त्यात १९९० च्या टॉप्सचं फ्रँक थॉमसचं कार्ड असेल, तर समोर नाव छापलेलं आहे का ते बघा. छपाईच्या चुकीने काही प्रतींवर नावच आलेलं नाही, आणि त्या प्रतींना खरोखर किंमत आहे. असं काही निघालं नाही तर ती सात कार्डं मुलाकडे आनंदासाठी राहू देत.

आता ग्रिफी. अपर डेकचा तो पहिलाच संच. जाड पुठ्ठा, चकचकीत वेष्टन, प्रत्येक कार्डाच्या मागे नकली ओळखण्यासाठी होलोग्राम. आणि पहिल्या क्रमांकाचं कार्ड त्यांनी दिलं एका १९ वर्षांच्या पोराला, जो तोवर मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल स्पर्धेचा, एकही सामना खेळला नव्हता. त्याच्या मरिनर्स संघाच्या वेशातला त्याचा फोटोही हाताशी नव्हता, म्हणून सॅन बर्नार्डिनोच्या मायनर लीग (खालच्या पायरीवरच्या) संघाच्या टोपीतला फोटो घेऊन टोपी रंगवून मरिनर्सची केली. तो पोरगा पुढे ६३० होमरन मारून २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. सर्वाधिक वेळा ग्रेडिंगला पाठवल्या गेलेल्या कार्डांपैकी हे एक आहे. म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही, पण मागणी कायम. अकरा वर्षांच्या मुलाला हे कार्ड हवंसं वाटलं, याचं मला कौतुक वाटतं.

ते घरी असं तपासा. हात धुऊन कोरडे करा. टेबलावर काळं कापड पसरा आणि एक लख्ख दिवा घ्या. कार्ड कडांनी धरायचं, छापील भागाला बोट लागू द्यायचं नाही. या कार्डाची चौकट पांढरी आहे, त्यामुळे कोपरा झिजून आतला पांढरा पुठ्ठा उघडा पडला तरी वरून बघताना लक्षात येत नाही. काळ्या कापडावर ठेवलं की कोपऱ्याचं टोक टोकदार आहे की गोलसर, तंतू सुटलेत का, लगेच दिसतं. मग कार्ड दिव्याखाली हळूहळू कलतं करा. सरळ बघताना चकचकीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरचे ओरखडे, बोटांचे ठसे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घडीची रेघ, हे सगळं एका ठरावीक कोनात उजेड पडला तरच दिसतं. मागे उलटून होलोग्राम खरवडलेला नाही ना ते बघा. शेवटी चौकट: डावी-उजवी आणि वरची-खालची पांढरी पट्टी सारखी आहे का. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चौकटीचा समतोल, या चार गोष्टींवर ग्रेडिंगवाले १ ते १० गुण देतात, आणि ट्रेड नाइटला टेबलावर बसलेला अनुभवी माणूसही नेमकं हेच बघत असतो.

हे सगळं व्यवहार होण्याआधी करायचं असतं. समोरच्याचं कार्ड टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, असेल तर "बाहेर काढून बघू का?" असं विचारायचं. चालेल म्हणाला तर काढायचं, नको म्हणाला तर त्यालाच काढून दाखवायला सांगायचं. दोन्हीला तयार नसेल तर उठून पुढच्या टेबलाकडे जायचं. विचारण्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट मुलगा नीट बघतोय हे दिसलं की समोरचाही जपून बोलतो. तुमच्या मुलाला एवढी एक सवय लावलीत तरी पुढचे बरेच प्रश्न उरणार नाहीत.

भाव कसा बघायचा ते सांगतो, कारण मित्राच्या वडिलांचा घोळ बहुधा इथेच झाला असावा. ईबेवर एखाद्या कार्डासाठी कुणी काय मागतोय याला काही अर्थ नाही. मागायला कुणी काहीही मागेल. 'सोल्ड', म्हणजे झालेली विक्री, असं गाळून शेवटच्या चार-पाच विक्री बघा. त्यातही आकड्यावर काट मारलेली असेल तर विक्रेत्याने त्याहून कमीची ऑफर स्वीकारलेली असते. तो खरा आकडा १३० पॉइंट या साइटवर दिसतो. आणि सर्वात महत्त्वाचं: सुट्या कार्डाची तुलना सुट्या कार्डाशीच करा. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १० गुण दिलेलं सोटोचं कार्ड बऱ्याच मोठ्या रकमेला जातं. तो आकडा बघून "माझ्या मुलाने एवढ्याचं कार्ड दिलं" असं म्हणणं चुकीचं आहे, कारण पाकिटातून निघालेलं सुटं कार्ड ग्रेडिंगला पाठवल्यावर १० च मिळतील याची हमी कोणी देत नाही, आणि पाठवायचा खर्च असतोच.

कार्ड नेमकं कोणतं आहे हेही पक्कं करावं लागतं. एकाच खेळाडूची एकाच वर्षी डझनांनी कार्डं निघतात. साधं, रंगीत कडेचं, मागे अनुक्रमांक छापलेलं, वेगळ्या फोटोचं. टॉप्सच्या कार्डाच्या मागे अगदी तळाशी बारीक अक्षरात एक कोड असतो, आणि त्याच्या शेवटच्या अंकांवरून फोटो वेगळा असलेली प्रत ओळखता येते. मुलाने दिलेलं सोटोचं कार्ड साधं, यूएस ३०० क्रमांकाचंच होतं, हे त्याला एकदा विचारून घ्या. कार्डावर एखादा अनुक्रमांक, समजा २५ पैकी ७ असा, छापलेला त्याला आठवत असेल तर मी वर दिलेला निकाल बदलेल आणि मित्राचे वडील बरोबर ठरतील.

एवढं भावाबद्दल. पण नुसता भाव जुळवण्यासाठीच अदलाबदल करायची असेल तर ती न केलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे. भावच हवा असेल तर कार्ड विकावं आणि त्या पैशांतून दुसरं घ्यावं. ईबे विक्रीवर १३ टक्क्यांच्या आसपास कापून घेतं, एवढाच तोटा. अदलाबदलीचं खरं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: माझ्याकडे जे जास्तीचं आहे ते तुझ्याकडे नाही, आणि तुझ्याकडे जे पडून आहे ते मी कधीपासून शोधतोय. १९८० च्या दशकात बिग फन च्युइंगगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी गोळा केली, त्यांना 'डबल' म्हणजे काय हे सांगायला नको. अमेरिकेतही ही कार्डं अनेक दशकं च्युइंगगमबरोबरच यायची, आणि डबल देऊन नसलेलं घ्यायचं, यावरच मुलांचा सगळा कारभार चालायचा.

पूर्ण संच जमवणारी माणसं आजही तशीच वागतात आणि अदलाबदल करायला मला तीच सगळ्यात आवडतात. १९३३ मध्ये गाउडी या कंपनीने मुलांनी पाकिटं घेतच राहावीत म्हणून संचातला १०६ क्रमांक छापलाच नाही. मुलं आणि पालक शोधून शोधून थकले, तक्रारीची पत्रं कंपनीकडे गेली. मग १९३४ मध्ये नॅप लाजवे याचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आलं. आज ते त्या संचातलं सर्वात दुर्मीळ कार्ड आहे. एका रिकाम्या जागेसाठी माणूस काय करतो ते यावरून कळतं. १९५२ च्या टॉप्समध्ये पहिल्या क्रमांकावर अँडी पाफको आहे. चांगला खेळाडू, पण मँटलच्या पंगतीतला नव्हे. तरीही त्याचं चांगल्या अवस्थेतलं कार्ड भलतंच महाग आहे. मुलं गठ्ठा क्रमाने लावायची आणि वरून रबरबँड घालायची, त्यामुळे गठ्ठ्यात सगळ्यात वर असलेल्या पाफकोलाच रबराचा काच बसला. संच जमवणाऱ्याला तो पाफको हवाच असतो, आणि ते समजून घेतलं की त्याच्याशी बोलणी सोपी होतात.

म्हणून मुलाला दोन याद्या करायला लावा. एक 'हवी आहेत' ची, दुसरी 'देता येतील' ची. वर्ष, संच, क्रमांक आणि अवस्था, एवढं प्रत्येक ओळीत. ट्रेड नाइटला जाताना 'देता येतील' ची कार्डं वेगळ्या डब्यात न्यायची आणि जी द्यायची नाहीत ती घरीच ठेवायची. टेबलावर मांडलेलं कार्ड म्हणजे सौद्याला आलेलं कार्ड, असं समोरचा धरून चालतो. मग मूल "हे नाही देणार" म्हणून संकोचतं आणि त्या संकोचातच चुकीचे होकार दिले जातात.

'हवी आहेत' च्या यादीत बाजार काय म्हणतो याला दुय्यम जागा द्या. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना टेक्सास रेंजर्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) कुमार रॉकर हवा असतो. त्याची आई भारतीय वंशाची, त्याचं नावच कुमार. एखाद्या मुलाने रॉकरच्या स्वाक्षरीच्या कार्डासाठी बाजारभावापेक्षा चार डॉलर जास्तीचं काही दिलं तर मी त्याला अडवणार नाही. ते कार्ड त्याच्याकडे राहणार आहे, आणि रोज उघडून बघण्याचं समाधान त्याला मिळणार आहे. मी अडवतो ते उलट्या प्रकाराला: जे कार्ड मुळात नकोच आहे, ते "पुढे वाढेल" म्हणून घेणं.

कारण त्या 'पुढे वाढेल' ने फार लोकांचं नुकसान केलं आहे. बोमन कंपनीच्या नावाने निघणाऱ्या संचांत मायनर लीगमधल्या, कधीकधी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची कार्डं असतात. पहिल्यांदा आलेल्या कार्डावर 'फर्स्ट' असं चिन्ह असतं आणि ट्रेड नाइटला निम्मी चर्चा त्यांचीच चालते. ब्रायन टेलरला १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, यांकीज संघाने पहिल्या क्रमांकाने निवडला. त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या. १९९३ च्या डिसेंबरात एका भांडणात त्याचा खांदा जायबंदी झाला आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. दर हंगामात कुणीतरी नवा टेलर असतो. मेजर लीगमध्ये खेळू लागलेल्या खेळाडूचं पहिलं कार्ड २००६ पासून 'आरसी' (रूकी कार्ड) या खुणेने ओळखू येतं, आणि मुलाला जुगाराची आवड लावायची नसेल तर सुरुवातीला अदलाबदल अशाच, मैदानावर दिसलेल्या खेळाडूंपुरती ठेवावी. सोटो देऊन ग्रिफी घेण्यात ही एक जमेची बाजू आहे: ग्रिफीची कारकीर्द पूर्ण झाली आहे, त्याला आता दुखापत होणार नाही.

छोटी पुष्कळ देऊन मोठं एक घ्यायचं, हा प्रकार मुलाला लवकरच खुणावेल. रीत अशी आहे की मोठं कार्ड सोडणाऱ्याला बेरजेपेक्षा थोडं वर द्यावं लागतं, कारण ती दहा छोटी पुढे खपवायची मेहनत त्याच्या गळ्यात पडते. दुकानदार असेल तर फरक आणखी मोठा. त्याला भाडं, पगार, नफा काढायचा असतो, म्हणून रोख देताना तो बाजारभावाच्या बराच खाली येतो आणि अदलाबदलीत त्याहून थोडं जास्त धरतो. यात लबाडी नाही, तो त्याचा धंदा आहे. संग्राहक-संग्राहकांत मात्र दोन्हीकडची कार्डं पूर्ण भावानेच धरायची. समोरचा माणूस स्वतःचं कार्ड पूर्ण भावाने आणि तुमचं कार्ड दुकानदाराच्या भावाने मोजू लागला तर तिथेच थांबावं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दांवर मी अडखळलो ते शब्द: 'एका मोठ्या माणसाला'. मुलाशी मुलाने केलेल्या सौद्यात थोडं डावं-उजवं झालं तर मी फार मनावर घेत नाही, त्यातूनच ती शिकतात. मोठ्या माणसावर मात्र जबाबदारी येते. समोर लहान मूल असेल तर दोन्ही कार्डांचे झालेल्या विक्रीचे आकडे त्याला फोनवर दाखवावेत, आईवडील किंवा सोबतचं मोठं माणूस जवळ आहे का ते विचारावं, आणि मगच हात मिळवावा. चांगली दुकानं मुलाबरोबर पालक हवेत असा नियमच करतात. तुम्ही जाता त्या दुकानात तसा नियम नसेल तर मालकाशी बोला. बहुतेक जण ऐकतात, कारण मुलं बुजली की ट्रेड नाइट बंद पडते.

हा प्रश्न कोर्टातही जाऊन आला आहे. १९९० मध्ये इलिनॉयमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने नोलन रायनचं १९६८ चं कार्ड दुकानातून १२ डॉलरला घेतलं. किंमत १,२०० डॉलर होती. काउंटरवरच्या नवख्या माणसाने आकडा चुकीचा वाचला होता. मालकाने दावा लावला आणि देशभर वाद रंगला: मुलाला खरी किंमत ठाऊक होती का, असेल तर त्याने सांगायला हवं होतं का. शेवटी तडजोड झाली, कार्डाचा लिलाव करून पैसे धर्मादाय कामाला दिले गेले. माझ्या मते तिथे ज्याला ठाऊक होतं त्याने बोलायला हवं होतं, मग तो बारा वर्षांचा असो की बावन्न. ही कार्डांची दुनिया फार छोटी आहे. त्याच टेबलांवर तीच माणसं वर्षानुवर्षं भेटतात, आणि अडाण्याचा फायदा घेणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यासमोर कुणी चांगली कार्डं बाहेरच काढत नाही.

नकली आणि फेरफार केलेल्या कार्डांबद्दल थोडक्यात. कडा कापून कोपरे टोकदार केलेलं कार्ड त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डावर ठेवलं की किंचित लहान भरतं. १९५७ पासून टॉप्सचं नेहमीचं माप अडीच बाय साडेतीन इंच आहे. जुन्या कार्डाची नवी नक्कल भिंगाखाली उघडी पडते: अस्सल छपाईत काळी अक्षरं सलग असतात, नकलेत ती ठिपक्यांची बनलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धाआधीचं म्हणून दाखवलेलं कार्ड अतिनील दिव्याखाली लख्ख निळसर चमकलं तर त्याचा कागद अलीकडचा आहे. ग्रेड केलेलं कार्ड असेल तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटो ताडून बघा. डबीसुद्धा नकली येते. आणि लेबलावर सगळा भरवसा टाकू नका. पीएसएने ग्रेड केलेलं सर्वात पहिलं कार्ड म्हणजे 'टी २०६' या तंबाखूच्या पाकिटांतल्या जुन्या संचातलं होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, असं ते कार्ड पूर्वी हाताळलेल्या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कबूल केलं.

टी २०६ हे नाव निघालंच आहे तर न्यू जर्सीतल्या तुम्हाला एक सुचवतो. जुन्या संचांना असे क्रमांक देण्याची पद्धत लावली जेफरसन बर्डिक यांनी. सिरॅक्यूजचा हा साधा कामगार माणूस, संधिवाताने हात वाकडे झालेले, लग्न केलेलं नाही. तंबाखूच्या पाकिटांतली, गोळ्यांच्या पुड्यांतली कार्डं जमवून त्यांनी तीन लाखांहून जास्त वस्तूंचा संग्रह न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं. तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने अल्बममध्ये लावली. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि मार्चमध्ये ते गेले. जे वॅग्नर कार्ड पुढे लाखो डॉलरांना गेलं त्याची किंमत त्यांच्या यादीत ५० डॉलर होती. या संग्रहातली काही कार्डं म्युझियममध्ये आलटून पालटून लावलेली असतात. मुलाला एकदा घेऊन जा. किमतीच्या आधी यादी करायची, ही सवय या छंदाला त्यांनी लावली, आणि तुमच्या मुलाला ती तिथे डोळ्यांनी दिसेल.

काही दिवसांनी तो टपालाने अदलाबदल करू लागेल, तेव्हा पाकीट कसं करायचं ते आताच शिकवा. आधी पातळ प्लॅस्टिकची 'पेनी स्लीव्ह'. कार्ड आत सरकवताना खालचे दोन कोपरे स्लीव्हच्या तोंडाला अडकून दुमडतात, म्हणून कार्ड किंचित कमानदार धरून घालायचं. मग टॉपलोडर. त्याच्या तोंडावर घरं रंगवणारे वापरतात ती निळी चिकटपट्टी लावायची आणि तिचं एक टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला ओढून काढता येते. पारदर्शक सेलोटेप कधीच नको. ती काढताना कात्री लागते, डिंक प्लॅस्टिकवर राहतो, आणि तो कार्डाला लागला तर कार्ड गेलं. टॉपलोडर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घट्ट बसवून बुडबुड्यांच्या लिफाफ्यात घालायचा. स्वस्तातली दोन-चार कार्डं साध्या पांढऱ्या लिफाफ्यातून गेली तरी चालतात, पण महाग कार्डाला ट्रॅकिंग हवंच. पाठवण्याआधी पुढून-मागून फोटो काढून समोरच्याला द्यायचे. ज्याचा लौकिक कमी किंवा जो नवा, त्याने आधी पाठवायचं, अशी जुनी रीत आहे. तुमचा मुलगा नवा आहे, त्यामुळे काही दिवस त्यालाच आधी पाठवावं लागेल. म्हणून सुरुवात पाच-दहा डॉलरच्या कार्डांनी करा, आणि पत्ता-फोनचं सगळं बोलणं तुमच्या नावाने, तुमच्या देखत होऊ द्या.

कराचा मुद्दा तुमच्या मुलाच्या कार्डांना सध्या लागू होण्यासारखा नाही, पण पुढे माहीत असावा. २०१८ पासून अमेरिकेत 'सारख्याला सारखं' दिल्यावर कर पुढे ढकलण्याची सवलत फक्त स्थावर मालमत्तेला उरली आहे. स्वस्तात घेतलेलं आणि आता फार महाग झालेलं कार्ड देऊन दुसरं घेतलं, तर कायद्याच्या दृष्टीने तो नफा झालेला असतो. हजारोंच्या कार्डांना हात घालायची वेळ आली तर खरेदीच्या पावत्या जपा आणि सीपीएला, म्हणजे इथल्या हिशेबनीसाला, विचारा.

राहिला प्रश्न सोटो परत मागायचा की नाही. ग्रिफीचे कोपरे धडके असतील, घडी नसेल, तर काही करू नका. दोघांनी हात मिळवला की सौदा संपला, ही रीत मुलानेही पाळायला हवी. दिव्याखाली घडी किंवा फाटकी कड दिसली, तर पुढच्या शनिवारी मुलाला घेऊन त्या माणसाकडे जा आणि शांतपणे दाखवा: "हे आम्हाला तेव्हा दिसलं नाही, तुम्ही बघितलं होतं का?" बोलू द्या मुलालाच, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. चांगला संग्राहक असेल तर कार्ड बदलून देईल किंवा वर काहीतरी देईल. नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा, दुकानाच्या मालकाच्या कानावर घाला, आणि 'हवी आहेत' च्या यादीत सोटो यूएस ३०० लिहून ठेवा. ते कार्ड भरपूर छापलेलं आहे. सोटो न्यू यॉर्कच्या मेट्स संघात असल्यामुळे तुमच्या भागात त्याला गिऱ्हाईक जास्त आहे, पण मोसम संपल्यावर हिवाळ्यात तेच कार्ड जरा सैल हाताने मिळतं.